दत्तकपत्र म्हणजे परदेशाचा परवाना नव्हे!



काही महिन्यांपूर्वी एक कुटुंब माझ्याकडे एक दस्त घेऊन आले. मुलगा सत्तावीस वर्षांचा, पदवीधर, अविवाहित. त्याचे मामा बरीच वर्षे अमेरिकेत स्थायिक असून तेथील नागरिक झालेले. एका दलालाने या कुटुंबास असे पटवून दिले होते की, मामाने भाच्यास दत्तक घेतले म्हणजे भाचा मामाचा मुलगा ठरतो, आणि अमेरिकन नागरिकाच्या मुलास ग्रीन कार्ड मिळण्यास अडचण ती कोणती? दत्तकपत्र मुद्रांकावर टंकलिखित होऊन तयार होते. दलालाच्या हाती निम्मी रक्कम पडली होती. आता केवळ सह्या व्हावयाच्या राहिल्या होत्या. त्या माऊलीने मला एकच प्रश्न विचारला, "वकीलसाहेब, मी सही केली म्हणजे मी याची आई राहणार नाही, असे यात लिहिले आहे काय?"

होय, तसेच लिहिले होते. आणि जे लिहिलेले नव्हते ते असे की, या सहीच्या मोबदल्यात त्या मुलास अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवण्याचा तिळमात्र अधिकार मिळणार नव्हता.

हा एका कुटुंबाच्या भोळेपणाचा प्रश्न असता तर मी लेखणी हाती घेतली नसती. परंतु कायद्याचे अर्धवट ज्ञान विकून पोट भरणारे लोक आपल्या आशेच्या मागावर असतात, आणि नव्याने वर येऊ पाहणाऱ्या समाजाइतकी आशा दुसऱ्या कोणाजवळ असते? म्हणून हा व्यवहार काय आहे, तो कोठे फसतो आणि त्यात आपण काय गमावतो, हे प्रत्येक घरात समजले पाहिजे.

प्रथम अमेरिकेचा कायदा पाहू. त्या देशाचा स्थलांतरविषयक मूळ कायदा १९५२ सालचा आहे. त्यात दत्तक अपत्यास 'अपत्य' म्हणून स्थान मिळाले ते १९५७ साली, आणि त्या वेळी वयाची मर्यादा चौदा वर्षांची होती. १९८१ साली ती सोळा करण्यात आली. १९९९ साली एक अपवाद जोडला गेला. ज्या दांपत्याने सोळा वर्षांखालील मूल दत्तक घेतले आहे, त्यांनी त्याच मुलाचे सख्खे भावंड घेतले तर त्या भावंडापुरती मर्यादा अठरा वर्षे धरावी. याच्यापुढे दार बंद आहे. शिवाय केवळ वय पुरत नाही. दत्तक घेणाऱ्याकडे त्या मुलाचा दोन वर्षे कायदेशीर ताबा असला पाहिजे आणि दोन वर्षे त्याने त्या मुलासह प्रत्यक्ष एका घरात वास्तव्य केले पाहिजे. सत्तावीस वर्षांचा, मामाच्या घरी एक रात्रही न राहिलेला भाचा या व्याख्येत कोठे बसतो, हे दलालाने सांगावे.

दलाल मग दुसरी गोष्ट सांगतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत प्रौढ माणसास दत्तक घेता येते, तेथील न्यायालये तसे हुकूमही देतात, असे तो म्हणतो. हे खरे आहे. परंतु अर्धे सत्य हे पुष्कळदा पूर्ण असत्यापेक्षा घातक असते. राज्याच्या न्यायालयाने दिलेला दत्तकाचा हुकूम वारसाहक्कास उपयोगी पडतो, नाव बदलण्यास उपयोगी पडतो. परंतु देशात कोणी यावे आणि कोणी राहावे हे ठरविण्याचा अधिकार तेथे राज्यांकडे नसून मध्यवर्ती सरकारकडे आहे. राज्याच्या दृष्टीने जो मुलगा झाला, तो मध्यवर्ती स्थलांतर कायद्याच्या दृष्टीने मुलगा होतोच असे नाही.

याचे एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कॅन्सस राज्यातील एका निवृत्त सैनिकी अधिकाऱ्याने व त्याच्या पत्नीने कोरियात जन्मलेल्या आपल्या भाचीस घरी आणून वाढविले. ती आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. मध्यंतरी त्या अधिकाऱ्यास अफगाणिस्तानात कामगिरीवर जावे लागले. परत आल्यावर त्याने रीतसर दत्तकविधान केले, परंतु तोपर्यंत मुलगी सतरा वर्षांची झाली होती. राज्याच्या कायद्याप्रमाणे त्या वयातही मुभा होती, म्हणून तेथे काही अडले नाही. स्थलांतर खात्याने मात्र सोळा वर्षांच्या मर्यादेवर बोट ठेवून अर्ज फेटाळला. प्रकरण मध्यवर्ती न्यायालयात गेले. २०१८ साली निकाल कुटुंबाच्या विरुद्ध लागला आणि २०२० साली वरिष्ठ न्यायालयाने तोच कायम केला.

वाचकहो, या प्रकरणाचा नीट विचार करा. तेथे नाते खरे होते, सहवास खरा होता, पिता त्या देशाचा सैनिक होता, मुलगी त्यांच्या घरात वाढत होती. तरीही एका वर्षाच्या विलंबाने दार बंद झाले. जेथे खऱ्या प्रेमाची ही गत झाली, तेथे मुद्रांकावर टंकलिखित केलेल्या नात्याची काय पत्रास राहणार?

मी त्या कायद्याची तरफदारी करीत नाही. माणसाचे नाते जन्मतारखेच्या काट्यावर तोलणारा नियम कठोर आहे, आणि त्या मुलीच्या बाबतीत तो अन्याय्य ठरला असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु कठोर कायदा बदलण्याची मागणी करणे ही एक गोष्ट आहे, आणि तो नाहीच असे सांगून गरिबाच्या खिशातून पैसे काढणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

दुसरे देशही याबाबतीत उदार आहेत असे समजू नये. इंग्लंड व वेल्समध्ये व्यक्तीस अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या दत्तकासाठी न्यायालयात अर्जच करता येत नाही. कॅनडा प्रौढाच्या दत्तकाचा विचार करतो, परंतु अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीपासून पालक व अपत्य असे खरे नाते अस्तित्वात होते हे सिद्ध करावे लागते, आणि दत्तकाचा मुख्य हेतू नागरिकत्व मिळविणे हाच असेल तर तो दत्तक मोजला जात नाही. तात्पर्य, सर्वत्र प्रश्न एकच विचारला जातो: हे घर मुलासाठी उघडले होते, की हे दार प्रवाशासाठी?

येथे दलाल आपला शेवटचा डाव टाकतो. "तारीख मागची घालू," असे तो म्हणतो. बंधूंनो, हे शब्द कानी पडताच उठून चालते व्हा. मागील तारखेचा हुकूम अमेरिकेत अगदीच निरर्थक आहे असे नाही. २०१५ साली तेथील स्थलांतरविषयक अपील मंडळाने असे ठरविले की, दत्तकाची कारवाई मूल सोळा वर्षांचे होण्यापूर्वीच सुरू झाली असेल आणि राज्याच्या न्यायालयाने आपला हुकूम त्या मर्यादेच्या आतील तारखेपासून अमलात आणला असेल, तर तो मान्य करता येईल. पण त्यात कारवाई वेळेवर सुरू झालेली असते, केवळ हुकूम उशिरा मिळतो. दलाल जे सुचवितो ते खोटे दस्तऐवज रचणे होय. अमेरिकेच्या कायद्यानुसार व्हिसासाठी महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्यास त्या देशाचे दार आयुष्यभरासाठी बंद होऊ शकते, आणि त्यातून सूट मिळण्याच्या वाटा फार अरुंद आहेत. मुलास उद्या स्वतःच्या गुणावर नोकरी मिळाली तरी तो एक कागद त्याच्या आडवा येईल. आणि आपल्याकडेही खोटा दस्त करणे हा गुन्हाच आहे.

आता आपल्या घरचा कायदा पाहू. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम २१ डिसेंबर १९५६ रोजी अमलात आला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा झाली, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी हा कायदा आला. नावात 'हिंदू' असला तरी तो बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. हे अनेक नवदीक्षित कुटुंबांस ठाऊक नसते. आपण धर्म बदलला म्हणून दत्तकाचा हा कायदा आपल्यास लागू नाही, असा समज करून घेऊ नका.

या कायद्याच्या अटी दलाल वाचून दाखवीत नाही, म्हणून मी सांगतो. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या किंवा विवाहित व्यक्तीस दत्तक घेता येत नाही, तशी रूढी असल्यासच येते. मुलगा दत्तक घ्यावयाचा असेल तर घेणाऱ्यास स्वतःचा मुलगा, नातू किंवा पणतू हयात असता कामा नये. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा घेतला तर दोघांच्या वयात किमान एकवीस वर्षांचे अंतर पाहिजे. विवाहित पुरुषास पत्नीची संमती लागते. दत्तक देण्याचा अधिकार आई, बाप किंवा पालक यांनाच आहे, म्हणजे प्रौढ माणूस स्वतःच स्वतःस दत्तक देऊ शकत नाही. दत्तकाच्या मोबदल्यात पैसे घेणे अथवा देणे यास मनाई असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

मी त्या माऊलीस विचारले, "तुमच्या भावास मुलगा आहे काय?" ती म्हणाली, "आहे की, कॉलेजात शिकतो." येथेच तो दस्त निकालात निघाला! मामास स्वतःचा मुलगा असताना भाच्याचे दत्तकविधान आपल्याच कायद्याने मुळात शून्य ठरते. पैसे घेण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारण्याचीही दलालास गरज वाटली नव्हती.

"पण साहेब, दस्त नोंदणीकृत होणार होता ना?" असे मुलगा म्हणाला. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो, तो दत्तकाच्या खरेपणाची हमी देत नाही. नोंदणीकृत दत्तकपत्रावरून दत्तक कायदेशीर झाला असे न्यायालय गृहीत धरते हे खरे, परंतु ते गृहीतक पुराव्याने खोडता येते. शिवाय मुंबईतील अमेरिकन वकिलातीत बसलेला अधिकारी आपल्या निबंधकाचा शिक्का पाहून निर्णय देत नाही. तो आपल्या देशाच्या कायद्यातील वय, ताबा व वास्तव्य या तीन गोष्टी पाहतो.

आणि समजा, मामास मुलगा नसता आणि दत्तक कायदेशीर ठरला असता, तर काय झाले असते? तर याहून मोठे नुकसान झाले असते! कायद्याप्रमाणे दत्तकाच्या दिवसापासून त्या मुलाचे जन्मकुटुंबाशी असलेले सर्व संबंध तुटतात. पूर्वीच त्याच्या नावे झालेली मिळकत त्याच्याकडे राहते, परंतु पुढे आईबापांच्या पश्चात तो त्यांचा वारस म्हणून उभा राहू शकत नाही. आणि हा दत्तक पुढे रद्द करता येत नाही. 'उपयोग झाला नाही तर मोडून टाकू,' असे म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. म्हणजे दत्तक अवैध ठरला तर हाती खोटा कागद, आणि वैध ठरला तर हातचा मुलगा गेला. दोन्हीकडे व्हिसा नाहीच! असा सौदा कोणता शहाणा माणूस करील?

आता रूढीच्या मुद्याकडे वळतो, कारण काही विद्वान वकील याच आधारावर अशी दत्तकपत्रे लिहून देतात. जुन्या मुंबई प्रांतात कोणत्याही वयाच्या, विवाहित व पुत्रवान माणसासही दत्तक घेण्याची रूढी होती. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाचा तिला आधार होता, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही रूढी न्यायमान्य असल्याचे म्हटले आहे. तेव्हा महाराष्ट्रात प्रौढाचा दत्तक सर्वथा अशक्य आहे असे मी म्हणणार नाही.

परंतु बांधवांनो, ही रूढी कशासाठी जन्मास आली, हे आपण विचारू नये काय? जुन्या शास्त्रात दत्तक घेतला जाई तो मुलासाठी नव्हे, तर निपुत्रिक बापासाठी. मेल्यावर पिंड देण्यास कोणी हवा, श्राद्ध घालण्यास कोणी हवा, मिळकत घराण्यात राहावयास हवी. म्हणून मुलगी चालत नसे, मुलगाच लागे. म्हणूनच त्याचे वय चाळीस असले तरी बिघडत नसे, कारण पिंड देण्यास हात लागतो, बालपण लागत नाही. ज्यांनी धम्मदीक्षा घेताना श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा केली, त्यांनी त्याच पिंडाच्या पायावर उभी असलेली रूढी व्हिसासाठी उकरून काढावी, यापरता विपर्यास कोणता? १९५६ च्या कायद्याने मुलीस दत्तक घेण्याची मुभा दिली, स्त्रीस स्वतःच्या अधिकाराने दत्तक घेण्याचा हक्क दिला, आणि दत्तहोमाची गरज उरली नसल्याचे सांगितले. हिंदू कोड बिलासाठी झगडून १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या बाबासाहेबांनी ज्या दिशेने वाट पाडली होती, तीच ही दिशा होती. दत्तक म्हणजे बालकास घर, ही नवी दृष्टी आहे. दत्तक म्हणजे मोठ्यांच्या सोयीचा कागद, ही जुनी दृष्टी आहे. दलाल आपल्यास जुन्या दृष्टीकडे परत नेत आहे, एवढेच की पिंडाच्या जागी त्याने पासपोर्ट ठेवला आहे!

कोणी म्हणेल, "वकीलसाहेब, तुम्हांस तत्त्वज्ञान सुचते, पण गरिबाच्या पोराने परदेशी जाऊच नये काय?" अवश्य जावे! परंतु जी वाट आहे तिने जावे. अमेरिकन नागरिकास आपल्या सख्ख्या भावाबहिणीसाठी अर्ज करता येतो. भाच्यापुतण्यांसाठी स्वतंत्र वर्ग नाही. भावंडांच्या वर्गात जगभरासाठी वर्षाला ६५,००० व्हिसा असून भारतीयांची रांग फार लांब आहे. २०२५ साली, २००६ च्या सुमारास अर्ज केलेल्यांची पाळी येत होती. बहिणीबरोबर तिच्या पतीस आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलांस जाता येते. यास्तव ज्यांचे भाऊ किंवा बहिणी तेथील नागरिक झाल्या आहेत, त्यांनी मुले लहान असतानाच अर्ज करवून घ्यावा. त्या माऊलीच्या मुलाचे वय आता टळले आहे. तथापि ती स्वतः उद्या तेथे स्थायिक झाली, तर अविवाहित मुलासाठी आई म्हणून तिला अर्ज करता येईल. म्हणजे पाहा, कायद्याने मोकळी ठेवलेली वाट आई आणि मुलगा या नात्यावरून जाते, आणि दलाल नेमक्या त्याच नात्यावर कुऱ्हाड घालावयास सांगत होता!

ज्या नातेवाइकांस लहान मुलास खरोखर आपल्या घरी वाढवावयाचे आहे, त्यांचा मार्ग वेगळा आहे. आंतरदेशीय दत्तकाविषयीचा हेगचा करार भारतात २००३ पासून व अमेरिकेत २००८ पासून लागू आहे. तेव्हा घरगुती दत्तकपत्रावर भागत नाही. मुलास नेण्यापूर्वी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीतून जावे लागते. ती वाट लांब आहे, पण ती खरी आहे.

आणि शिक्षणाची वाट तर आपल्या रक्तात आहे. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. सयाजीराव स्वतः दत्तक गेलेले होते, परंतु ते १८७५ साली, बारा वर्षांचे बालक असताना. त्यांनी भीमराव नावाच्या तरुणास परदेशी पाठविले ते त्याचे आडनाव बदलून नव्हे, त्याची बुद्धी ओळखून. आज महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. दलालास दिलेल्या रकमेत इंग्रजीच्या परीक्षेचे शुल्क आणि विद्यापीठांच्या अर्जांचे शुल्क किती वेळा भरता आले असते, याचा हिशेब प्रत्येक घराने करावा.

माझ्या व्यवसायबंधूंसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. ज्या दस्ताचा अपेक्षित उपयोग होणार नाही हे आपणांस ठाऊक आहे, तो लिहून देणे म्हणजे पक्षकाराची सेवा नव्हे. 'त्याने मागितला, मी लिहिला' ही सबब अर्जनवीस सांगू शकेल, सनदधारी वकिलास ती शोभत नाही. आपल्या समाजाची पहिली पिढी कचेरीची पायरी चढताना वकिलाच्या शब्दास कायदाच समजते. त्या विश्वासाचा बाजार मांडणारा वकील दलालाहून अधिक दोषी होय.

म्हणून वाचकहो, उद्या कोणी असे दत्तकपत्र पुढे केले तर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. मुलाचे वय किती? घेणाऱ्यास स्वतःचे त्याच प्रकारचे अपत्य आहे काय? मूल त्याच्या घरी प्रत्यक्ष किती दिवस राहिले? आणि उद्या हे मोडता येईल काय? चारही उत्तरे समाधानकारक नसतील तर लेखणी खाली ठेवा.

त्या माऊलीने सही केली नाही. तिने तो दस्त उचलला, त्याची घडी घातली आणि पिशवीत ठेवला. तो फाडून टाकू नका, असे मीच तिला सांगितले, कारण दलालाकडून रक्कम परत मिळविण्यासाठी तोच आपला पुरावा आहे. नोटीस रवाना झाली आहे. मुलगा शिष्यवृत्तीच्या वयाच्या व गुणांच्या अटी पाहत आहे.

जयभीम.